पहिल्यांदाच मोड आणताय? मग आधी हे वाचा

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी घर सोडून पहिल्यांदाच स्वतःचं स्वयंपाकघर मांडलेल्यांसाठी हे लिहिते आहे. कडधान्याला मोड कसे आणायचे असं घरी विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "रात्री भिजव, सकाळी उपसून बांधून ठेव, झालं!" ज्यांचा हात वर्षानुवर्षं बसलेला आहे त्यांना यापुढे काही सांगायची गरजच वाटत नाही. पण किती भिजवायचं, किती निथळायचं, थंडीत काय करायचं, वास येतोय तो चालेल की नाही, हे सगळं त्या एका वाक्यात राहून जातं.

सगळ्यात आधी एकच गोष्ट डोक्यात पक्की करा. भिजलेलं बी जिवंत असतं आणि ते श्वास घेतं. त्याला ओल हवी, ऊब हवी आणि हवा हवी. पाण्यात बुडून राहिलं तर ते गुदमरतं आणि आंबतं. नवख्यांचे मोड बिघडतात ते बहुतेक वेळा पाणी जास्त झाल्यामुळे. पुढची प्रत्येक पायरी या एका गोष्टीवर उभी आहे.

1. काय काय लागेल

- अख्खं कडधान्य (चार माणसांच्या उसळीला एक वाटी पुरते, मोड आल्यावर ती अडीच-तीन वाट्या होते)
- मोठं पातेलं. कडधान्य फुगून दुप्पट होतं, म्हणून छोट्या वाडग्यात भिजवू नका
- रोवळी किंवा बारीक भोकांची चाळणी
- सुती कापड: जुना पंचा, धोतराचा तुकडा किंवा मलमल
- झाकणाचा डबा किंवा कॅसरोल
- स्वच्छ, पिण्याचं पाणी

कापड फक्त याच कामासाठी ठेवा. ओटा पुसायचं किंवा हात पुसायचं फडकं अजिबात नको. प्रत्येक वेळी वापरल्यावर ते उकळत्या पाण्यातून काढा आणि उन्हात कडकडीत वाळवा. वासाचा साबण लावलात तर तो वास मोडांना लागतो. बाजारात मजल्यामजल्यांचे प्लॅस्टिकचे डबे 'स्प्राउट मेकर' म्हणून मिळतात. ते सोयीचे आहेत, पण त्यांच्या भोकांत साल अडकून राहते आणि बुळबुळीत थर बसतो. ब्रशने घासायची तयारी असेल तरच घ्या. माझं मत विचाराल तर कापडाला तोड नाही.

2. कडधान्य घेताना

अख्खंच घ्या. डाळीला मोड येत नाहीत, कारण दाणा फोडला की आतला अंकुर तुटतो. मसूर डाळ नको, सालासकट अख्खा मसूर हवा. फुटाणे आणि डाळवं भाजलेलं असतं, त्यालाही मोड येणार नाहीत.

सुरुवात मुगाने करा. मूग लवकर फुटतो, सहसा दगा देत नाही आणि कमी वेळात शिजतो. मग मटकी, मसूर, चवळी. हरभरा आणि कुळीथ जरा हात बसल्यावर. वाल सगळ्यात शेवटी.

जुन्या मालाला मोड कमी येतात. नवं दुकान असेल तर अर्धा किलो आणून लगेच सगळं भिजवू नका. आधी वीस-पंचवीस दाणे वाटीत भिजवून बांधून पाहा. त्यातले बहुतेक फुटले तर माल चांगला.

आता तीन सापळे, आणि तिन्ही गंभीर आहेत.

पहिला: पेरणीचं बियाणं. कृषी सेवा केंद्रातलं बियाणं उगवणशक्तीला उत्तम असतं, म्हणून कुणाला वाटतं तेच आणावं. पण त्याला बहुधा बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलेलं असतं. म्हणूनच ते पुष्कळदा गुलाबी, लाल किंवा निळसर दिसतं, आणि खाण्यासाठी वापरू नये अशी सूचना पिशवीवर छापलेली असते. ते धुऊनही खायचं नाही. खायचं कडधान्य किराणा दुकानातूनच घ्यायचं.

दुसरा: घरून आलेलं, बोरिक पावडर लावलेलं कडधान्य. कीड लागू नये म्हणून ही पावडर चोळायची सवय अनेक घरांत आहे. पावडर पोटात जाणं बरं नाही, आणि भिजवलं की तीच पाण्यात उतरून दाण्यात मुरते. डब्यात पारद, म्हणजे पाऱ्याच्या, टिकड्या ठेवलेलं धान्यही मी घेणार नाही. एरंडेल तेलाचा हात लावलेलं असेल तर कोमट पाण्याने चोळून धुतलं की चालतं.

तिसरा: बाजारातली तयार मोडाची मटकी. ओल्या कापडावर दिवसभर उघडी असते, तिच्यावर किती वेळा आणि कुठलं पाणी मारलं हे आपल्याला कळत नाही. नाइलाजाने घेतलीच तर नीट शिजवूनच खा.

3. निवडणं आणि धुणं

ताटात पसरून खडे, फुटके, भोक पडलेले आणि सुरकुतलेले दाणे काढा. फुटका दाणा उगवत नाही, पाण्यात राहून सडतो आणि शेजारच्या दाण्यांनाही बिघडवतो. मग पाणी नितळ येईपर्यंत तीन-चार वेळा चोळून धुवा. वर तरंगणारे पोचट दाणे पाण्याबरोबर ओतून द्या.

4. भिजवणं

दाण्यांच्या तिप्पट-चौपट पाणी घाला. पहिल्यांदा मटकी भिजवाल तेव्हा तासाभराने डोकावून पाहा. दाण्यांवर सुरकुत्या पडलेल्या दिसतील. घाबरू नका, आधी साल पाणी पिऊन सैल होते आणि मागून आतला गर फुगून ती पुन्हा ताणतो.

साधारण उबदार हवेत, म्हणजे 25 ते 30 अंशांच्या आसपास, लागणारा वेळ असा:

- मूग: भिजवणं 8 तास, बांधून 12 ते 18 तास
- मटकी: 8 तास, बांधून 12 ते 16 तास
- मसूर: 6 ते 8 तास, बांधून 18 ते 24 तास
- चवळी: 8 तास, बांधून 18 ते 24 तास
- हरभरा: 10 ते 12 तास, बांधून 24 ते 36 तास
- वाटाणे: 10 ते 12 तास, बांधून 24 तास
- कुळीथ: कोमट पाण्यात 12 तास, बांधून 24 ते 36 तास
- मेथी: 8 ते 10 तास, बांधून 24 ते 36 तास

हे आकडे अंदाजाचे आहेत, हवामान बदललं की तेही बदलतात. मे महिन्यात रात्रभर बाहेर भिजवलेल्या कडधान्याला सकाळी फेस आलेला दिसतो. अशा दिवसांत मध्ये एकदा पाणी बदला. जास्त वेळ भिजवलं म्हणजे मोड लांब येतील ही समजूत चुकीची आहे. दाणा फुगला की पाण्याचं काम संपलं, त्यापुढचा प्रत्येक तास तो बिनहवेचा काढतो.

5. उपसणं

सगळ्यात जास्त घाई होते ती इथे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

भिजलेलं कडधान्य पातेल्यातून थेट चाळणीत ओतू नका. पातेल्यात ताजं पाणी घालून हाताने गोल फिरवा आणि वरवरचे दाणे ओंजळीने उपसून रोवळीत टाका. फुगलेले दाणे पाण्याबरोबर वर उठतात. तळाशी काही दाणे खडखड वाजत राहतात. बोटांत धरले तर कोरडे असताना होते तेवढेच लहान आणि दगडासारखे कडक लागतात. हे गणंग. त्यांच्या सालीतून पाणी आत गेलेलंच नसतं, म्हणून त्यांना मोड येत नाहीत आणि ते शिजतही नाहीत. उसळीत राहिले तर दात दुखावतो. मटकीत आणि कुळथात ते जास्त सापडतात. उपसण्याचा मुख्य फायदा हाच की ते आपोआप तळाला वेगळे पडतात.

रोवळीत घेतल्यावर पंधरा-वीस मिनिटं निथळू द्या. मधून एकदा रोवळी तिरकी करून थोपटा, कडेला साचलेलं पाणी गळून जाईल. दाणे ओलसर असले पाहिजेत, पण मुठीत घेऊन दाबले तर पाणी टपकता कामा नये. ही कसोटी लागली की पुढे जा.

भिजवलेलं पाणी पोळीच्या कणकेत घालावं असं कुणी सांगतं. मी ते झाडांना घालते. कडधान्यातली वात करणारी काही द्रव्यं त्या पाण्यात उतरलेली असतात.

6. बांधणं आणि ऊब

कापड ओलं करून घट्ट पिळा. त्यात कडधान्य घालून पुरचुंडी बांधा, दाणे एकमेकांना टेकून राहतील इतकी घट्ट, पण मोडांना वाढायला थोडी जागा राहील इतकी सैल. एका पुरचुंडीत दोन वाट्यांहून जास्त भिजलेलं कडधान्य घेऊ नका. मोठ्या गोळ्याच्या मधोमध हवा पोहोचत नाही. शिवाय उगवताना बी स्वतः उष्णता सोडतं, त्यामुळे मधले दाणे तापून आंबतात. जास्त हवं असेल तर दोन पुरचुंड्या करा.

पुरचुंडी चाळणीत ठेवून खाली वाटी आणि वर सैल झाकण ठेवा. हवाबंद डबा नको. अंधार असेल तर उत्तम, उजेडात मोड हिरवट आणि जरा कडवट होतात.

उन्हाळ्यात आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत दर सहा-आठ तासांनी पुरचुंडी सोडून दाणे गार पाण्याखाली धुवा, निथळा, पुन्हा बांधा. पाच मिनिटांचं काम आहे, पण आंबूस वास टाळायचा खात्रीचा उपाय हाच. कापड सुकलं असेल तर पाण्याचा हबका पुरे.

थंडीत उलट अडचण येते. पुणे, नाशिक किंवा नागपूरच्या डिसेंबरात दोन दिवस झाले तरी मोडांचा पत्ता नसतो. तेव्हा शेवटचं धुणं कोमट पाण्याने करा आणि पुरचुंडी कॅसरोलमध्ये ठेवा, झाकण किंचित तिरकं. तांदळाच्या डब्यात किंवा फ्रिजच्या वर ठेवायची पद्धतही चांगली आहे. परदेशात थंड घरात राहणाऱ्यांनी ओव्हन बंद ठेवून फक्त त्यातला दिवा लावावा. किंवा मायक्रोवेव्हमध्ये गरम पाण्याचा पेला आणि शेजारी पुरचुंडी ठेवून दार लावावं. मायक्रोवेव्ह चालू करायचा नाही. आत पुरचुंडी आहे अशी चिठ्ठी दारावर लावा, नाहीतर घरातलं दुसरं कुणीतरी बटण दाबतं.

7. तयार झाले, की बिघडले?

उसळीसाठी मोड दाण्याएवढे किंवा थोडे लांब पुरतात. फार लांब झाले की दाण्यातला गोडवा जातो आणि शिजल्यावर सालं वेगळी, मोड वेगळे असा गुंता होतो. चांगल्या मोडांना कच्च्या शेंगेसारखा हिरवा वास येतो आणि ते बोटांत चुरचुरीत लागतात.

आंबूस किंवा दारूसारखा वास आला, हाताला चिकट लागलं, दाणा उचलताना तार सुटली, तर सगळं टाकून द्या. धुऊन, फोडणीत हिंग जास्त घालून ते चांगलं होत नाही.

एका गोष्टीने मात्र फसू नका. मोहरी, नाचणी यांसारख्या बारीक दाण्यांच्या मुळांवर पांढरी बारीक लव दिसते आणि बुरशी आली असं वाटतं. पाण्याखाली धरा. मुळांची लव असेल तर पाण्याने चिकटून बसते आणि वास ताजा असतो. बुरशी जाळ्यासारखी दाण्यादाण्यांवर पसरते, करडी किंवा काळी पडते आणि कुबट वास मारते.

8. कच्चे खायचे की शिजवून?

आरोग्याच्या नावाखाली कच्चे मोड वाटीभर खायचा सल्ला सर्रास दिला जातो. त्यावर मला स्पष्ट बोलायचं आहे.

ज्या ओलीत आणि उबेत बी फुटतं, त्याच ओलीत आणि उबेत जंतूही वाढतात. बियांच्या सालीवरच्या बारीक भेगांत ते असतील तर धुतल्याने पूर्ण जात नाहीत. 2011 मध्ये जर्मनीत ई. कोलाय जंतूच्या एका घातक प्रकाराने सुमारे चार हजार लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक माणसं दगावली. तपास जाऊन थांबला तो मोडांवर, आणि संशय होता इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांवर. म्हणून गरोदर स्त्रिया, लहान मुलं, वयस्कर माणसं आणि आजारपणामुळे प्रतिकारशक्ती कमी झालेले लोक यांनी कच्चे मोड खाऊ नयेत. त्यांना वाफवून किंवा शिजवूनच द्या. धडधाकट माणसाने कोशिंबिरीत मूठभर ताजे मूग घातले तर तो त्याचा निर्णय. मी मात्र पाच-सात मिनिटं वाफवतेच. मूग गरगट होत नाहीत, चुरचुरीतपणा राहतो.

काही बिया तर कुणीच कच्च्या खाऊ नयेत. राजम्यातलं लेक्टिन नावाचं द्रव्य कच्चं पोटात गेलं तर उलट्या-जुलाब होतात, मोड आले तरी ते पुरतं जात नाही. राजमा खळखळून उकळायलाच हवा. वाल, पावटे आणि सोयाबीनही शिजवूनच. ज्वारीचे कोवळे कोंब कच्चे अजिबात नकोत. त्यांत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, कोवळी ज्वारी खाऊन जनावरं दगावतात ती त्यामुळेच.

पोषणाबद्दलही थोडं. मोड आल्याने प्रथिनं दुप्पट होतात हे खरं नाही. पाणी शोषल्यामुळे वाटीभर मोडांत वाटीभर कोरड्या कडधान्यापेक्षा प्रथिनं कमीच असतात. खरा फायदा वेगळा आहे. फायटिक आम्ल कमी झाल्याने लोह अंगी लागायला मदत होते, वात करणाऱ्या शर्करा घटतात आणि कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेलं 'क' जीवनसत्त्व तयार होतं. शिजवताना त्यातलं बरंच जातं, म्हणून उसळीवर लिंबू पिळा.

9. पहिली उसळ

तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, मग कांदा. मोड घालून दोन मिनिटं परता. कढईवर खोलगट ताटली ठेवून तिच्यात पाणी ओता आणि मंद आचेवर शिजू द्या. लागेल तसं तेच गरम पाणी उसळीत घाला. मूग आणि मटकी दहा-पंधरा मिनिटांत होतात, कुकरची गरज नाही. हरभरा, वाटाणे आणि कुळीथ यांना मात्र कुकर हवा.

आमसूल, चिंच, टोमॅटो दाणा बोटचेपा झाल्यावरच घाला. आंबट आधी पडलं तर दाणा लवकर मऊ होत नाही. तिखट, गोडा मसाला, गूळ, ओलं खोबरं, कोथिंबीर तुमच्या घरच्या चवीने.

10. हात बसला की वाल

डाळिंब्यांची, म्हणजे मोड आणून सोललेल्या वालांची उसळ, म्हणजेच वालाचं बिरडं, ज्यांनी खाल्लं आहे त्यांना हा खटाटोप का करायचा हे सांगावं लागत नाही. रायगड जिल्ह्यात भाताचं पीक निघाल्यावर त्याच जमिनीच्या ओलीवर कडवे वाल घेतात. तिकडचे मिळाले तर जरूर आणा.

वाल बारा ते सोळा तास भिजवा आणि मध्ये एकदा पाणी बदला, थोडा कडवटपणा त्यातच निघतो. उपसून दिवसभर बांधा. मोड डोकावले की कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं टाका. आता एक दाणा घेऊन मोडाच्या विरुद्ध टोकाला चिमटीत हलकेच दाबा. साल बोटांत राहते आणि पांढरी डाळिंबी मोडासकट बाहेर निसटते. गरम पाणी वापरू नका, डाळिंबी अर्धीकच्ची होऊन फुटते. सोललेल्या डाळिंब्या पाण्यातच ठेवा, उघड्यावर काळ्या पडतात.

शिजवताना कलथा घालून ढवळायचं नाही, कढई कानांना धरून हलवायची. शेवटी आमसूल, गूळ आणि भरपूर ओलं खोबरं. एक वाटी वाल सोलायला नवख्याला बराच वेळ लागतो, तेव्हा घरातल्या सगळ्यांना बसवा.

11. नाचणीचं सत्त्व

पहिल्यांदा आई झालेल्या मैत्रिणी हमखास विचारतात म्हणून हेही. नाचणी चार-पाच पाण्यांनी धुऊन बारा तास भिजवा, निथळून बांधा. एक-दीड दिवसात बारीक पांढरे मोड येतात. कापडावर पातळ पसरून कडकडीत वाळवा, दाणा दाताखाली कट्कन तुटला पाहिजे. थोडीही ओल राहिली तर पीठ कुबट होतं. पावसाळ्यात म्हणूनच हा घाट घालू नका. मंद आचेवर खमंग भाजून दळा आणि वस्त्रगाळ करा.

मोड आल्यावर दाण्यातला पिष्टमय भाग फोडणारी विकरं (एन्झाइम) तयार होतात, त्यामुळे या पिठाची पेज साध्या नाचणीच्या पिठापेक्षा पातळ होते. बाळाच्या इवल्या पोटात त्यामुळे जास्त पीठ, म्हणजे जास्त पोषण मावतं. सहा महिने पूर्ण झाल्यावर, डॉक्टरांना विचारून आणि नीट शिजवूनच द्या.

12. उरलेले मोड

धुऊन फ्रिजमध्ये टाकू नका. पंख्याखाली पसरून वरची ओल घालवा, मग डब्यात कोरडं कापड घालून ठेवा. दोन-तीन दिवस चांगले राहतात, तेही हळूहळू वाढतच असतात. त्याहून जास्त ठेवायचे असतील तर तीन-चार मिनिटं वाफवून, पूर्ण गार करून, एका वेळेला लागतील एवढ्या पिशव्या फ्रीझरमध्ये ठेवा. उसळ करताना बर्फ वितळायची वाट पाहू नका, गोठलेले मोड तसेच फोडणीत घाला.